एका रविवारची गाणी

नीना सिमोनला त्या दिवशी गाणं लिहायचं नव्हतं, पिस्तूल बनवायचं होतं.

न्यूयॉर्कला लागून असलेल्या माउंट व्हर्ननमध्ये तिचं घर होतं. गॅरेजच्या वर एक खोली, तिथे पियानो, तिथेच तिचा रियाज. सप्टेंबर १९६३ मधली गोष्ट. रेडिओवर बातमी लागली : अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम शहरात कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये डायनामाइटचा स्फोट, चार मुली ठार. सिमोन उठली, गॅरेजमध्ये गेली आणि हाताला लागतील ती हत्यारं नि लोखंडाचे तुकडे गोळा करून गावठी पिस्तूल जुळवायला बसली. कोणाला मारायचं ते ठरलेलं नव्हतं. मारायचं एवढं मात्र नक्की होतं. नवरा, अँडी स्ट्राउड, आत आला. तो एके काळचा पोलीस. त्याने तो पसारा पाहिला आणि तिला सुनावलं की माणूस मारणं हा तुझा प्रांत नाही, तुझ्यापाशी आहे ते संगीत. ती पियानोपाशी जाऊन बसली. तासाभराने उठली तेव्हा 'मिसिसिपी गॉडॅम' हे गाणं तयार होतं. १९९१ साली आलेल्या आत्मचरित्रात तिने स्वतःच हे लिहून ठेवलं आहे.

रागाचं गाणं झालं, म्हणून ही गोष्ट नेहमी सांगितली जाते. मला त्यातलं दुसरंच काही जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या दिवसापर्यंत सिमोनला असली गाणी मुळीच आवडत नसत. निषेधाची गाणी तिला बाळबोध वाटत. एका माणसाचं अख्खं आयुष्य साडेतीन मिनिटांत आणि एका सोप्या चालीत कोंबायचं, यात त्या माणसाची अप्रतिष्ठा होते, असं तिचं मत होतं. हे मत चुकीचं नव्हतं. गंमत अशी की बर्मिंगहॅमच्या त्या रविवारानंतर जी खरोखर टिकलेली गाणी झाली, ती करणाऱ्यांना हा आक्षेप ठाऊक असावा असंच वाटतं. कारण त्यांतल्या कोणीही घडलेलं सगळं सांगायचा प्रयत्न केलेला नाही. प्रत्येकाने काहीतरी गाळलं आणि प्रत्येकाने वेगळं गाळलं.

आधी ते चर्च. सोळाव्या रस्त्यावरचं बॅप्टिस्ट चर्च स्फोटासाठी निवडलं गेलं, यामागेही एक प्रकारे गाणंच होतं. त्याच वर्षी मे महिन्यात बर्मिंगहॅमच्या शाळकरी मुलांनी वर्ग सोडले, ती या चर्चमध्ये जमली आणि तिथून पन्नास-पन्नासच्या तुकड्या करून गात गात रस्त्यावर उतरली. पहिल्याच दिवशी शेकडो मुलं अटकेत गेली. दुसऱ्या दिवशी शहराचे सुरक्षा आयुक्त बुल कॉनर यांनी अग्निशामक दलाचे पाण्याचे फवारे आणि पोलिसी कुत्री मुलांवर सोडली. ते फोटो जगभर छापून आले. शहराला नमतं घ्यावं लागलं, दुकानांतल्या खानपानाच्या काउंटरवरची वर्णभेदाची पाटी उतरवायचं कबूल करावं लागलं. ज्यांना हे सोसवलं नाही त्यांच्या लेखी ते चर्च म्हणजे सगळ्या खोडीचं मूळ.

या मुलांच्या गाण्यांची घडण पाहण्यासारखी आहे. चर्चमधली जुनी भजनं घ्यायची आणि त्यांतला एखादाच शब्द बदलायचा. येशूच्या जागी स्वातंत्र्य, स्वर्गाच्या जागी मतदान. एक जण ओळ टाकतो, बाकीचे उचलतात. पुढच्या कडव्यात फक्त एक नाव बदलतं, म्हणजे पाठांतराची भानगड नाही. काल आलेला माणूसही आज गातो. आपल्याकडे शाहिराच्या मागे झीलकरी उभे असतात आणि प्रत्येक ओळीला सूर धरून तिला बळ देतात, तसंच हे काम. फरक एवढाच की इथे अख्खा जमाव झीलकरी. शिवाय गाणारा माणूस श्वास एका लयीत घेतो. समोर कुत्रं गुरगुरत असताना याचा उपयोग काय, हे वेगळं सांगायला नको.

१५ सप्टेंबर १९६३, रविवार. सकाळी १० वाजून २२ मिनिटांनी चर्चच्या पूर्वेकडच्या पायऱ्यांखाली ठेवलेली डायनामाइटच्या कांड्यांची जुडी फुटली. तळघरातल्या खोलीत मुली आवरत होत्या. ॲडी मे कॉलिन्स, सिंथिया वेस्ली, कॅरोल रॉबर्टसन या तिघी चौदा वर्षांच्या आणि डेनिस मॅकनेअर अकरा वर्षांची. रविवारच्या शाळेत त्या दिवशीच्या धड्याचा विषय होता 'क्षमा करणारं प्रेम'. भिंतीतल्या रंगीत काचेच्या खिडकीत येशूचं चित्र होतं. खिडकी जागेवर राहिली, येशूचा चेहरा तेवढा उडाला. ॲडीची धाकटी बहीण सारा वाचली, पण तिचा एक डोळा गेला. त्याच दिवशी शहरात आणखी दोन कृष्णवर्णीय मुलगे गोळीने मेले. त्यांतला एक पोलिसाच्या गोळीने, पाठीत.

तर या एवढ्या सगळ्याचं गाणं करायचं आणि तेही साडेतीन मिनिटांत.

हे साडेतीन मिनिटांचं माप कुठून आलं? कलेतून नव्हे, लाखेतून. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांचं ध्वनिमुद्रण मावायचं. आपले खाँसाहेब नि बाई तासाभराचा ख्याल याच मापात बसवत आणि शेवटी आपलं नाव पुकारून मोकळे होत. मराठी भावगीतही याच मापात वाढलं. पुढे तबकड्या सुधारल्या, जास्त वेळ मावू लागला, पण तोवर रेडिओला सवय लागलेली होती. तीन मिनिटांचं गाणं, मग जाहिरात, मग पुढचं गाणं. त्यामुळे लोकांपर्यंत पोचायचं तर त्याच दारातून वाकून जावं लागे.

सिमोन वाकली नाही, तिने दाराचीच थट्टा केली. 'मिसिसिपी गॉडॅम' पहिल्यांदा ऐकताना माणूस फसतो. उडती, ठुमकती चाल, ब्रॉडवेच्या एखाद्या खुसखुशीत संगीत नाटकातली वाटावी अशी. २१ मार्च १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये ते ध्वनिमुद्रित झालं. श्रोते बहुतेक गोरे, सुखवस्तू. सुरुवातीला ते हसतात. तबकडीवर ते हसू ऐकू येतं. सिमोन मध्येच सांगते की ही एका नाटकातली चीज आहे, नाटक मात्र अजून लिहायचं राहिलंय. लोक पुन्हा हसतात, पण थोडे कमी. त्यानंतर हॉल हळूहळू गार पडत जातो. एक समूह आपल्या जागेवर कसा अस्वस्थ होतो, हे कानाने ऐकायचं असेल तर या ध्वनिमुद्रणासारखं दुसरं काही मला माहीत नाही.

गाण्यात तिने काय गाळलं? त्या चार मुली. त्यांचं नाव नाही, चर्च नाही, स्फोट नाही. शीर्षकातलं मिसिसिपी येतं ते मेडगर एव्हर्स यांच्यामुळे. नागरी हक्कांच्या चळवळीतल्या या कार्यकर्त्याला १२ जून १९६३ च्या मध्यरात्रीनंतर जॅक्सन शहरात त्यांच्या घराच्या दारात गोळी घातली गेली होती. पण त्यांचीही हकिगत गाण्यात नाही. तीन राज्यांची नावं आणि एक शिवी, एवढ्यावर गाणं उभं आहे. मधल्या भागात साथीदार झीलकऱ्यांसारखे एकच पालुपद लावून धरतात : सबुरीने घ्या. हा सल्ला तेव्हा अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांना सगळेच देत होते. दक्षिणेतले राज्यपाल देत, उत्तरेतली सद्भावी वर्तमानपत्रंही देत. गाण्याची लय धावते आहे आणि शब्द सांगताहेत, हळू. विनोद आहे, पण घशाखाली उतरत नाही.

शीर्षकातल्या शिवीत देवाचं नाव होतं. दक्षिणेतल्या अनेक रेडिओ केंद्रांनी तेवढं कारण धरून गाणं लावलंच नाही. दक्षिण कॅरोलायनातल्या एका विक्रेत्याकडून तबकड्यांचं खोकं परत आलं. आतली प्रत्येक तबकडी मधोमध मोडलेली. देवाच्या घरात डायनामाइट लावणाऱ्यांवर तोवर खुनाचा खटलासुद्धा उभा राहिलेला नव्हता. देवाचं नाव शिवीत घेणारीला शिक्षा मात्र लगेच मिळाली.

जॅझवादक जॉन कोल्ट्रेनने शब्दच गाळले. १८ नोव्हेंबर १९६३ रोजी, स्फोटाला दोन महिने होतात न होतात तोच, न्यू जर्सीतल्या रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत त्याच्या चौकडीने एक पाचेक मिनिटांची रचना वाजवली. नाव 'अलाबामा'. एवढा एक शब्द सोडला तर ती कशाबद्दल आहे हे सांगणारं काहीही नाही.

हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्याला ही रचना बहुधा इतर जॅझपेक्षा लवकर जवळची वाटते. सुरुवातीला ताल नाही. मॅकॉय टायनरची बोटं पियानोच्या खालच्या पट्ट्यांवर एक गंभीर घुमारा धरून ठेवतात, तानपुऱ्याने खर्ज धरावा तसा. त्यावर कोल्ट्रेनचा सॅक्सोफोन आलापासारखा, ओळ सुटी सुटी बोलत येतो. बोलतच येतो, कारण त्या ओळींना गाण्याचे नव्हे, भाषणाचे चढउतार आहेत : एक वाक्य, थोडा थांबा, पुन्हा तेच वाक्य किंचित वरच्या स्वरावरून. मुलींच्या अंत्यविधीत मार्टिन लूथर किंग यांनी केलेल्या भाषणाच्या लयीवर ही ओळ बेतलेली आहे, असं जॅझच्या वर्तुळात सांगतात. भाषण न ऐकताही कोणीतरी शवपेटीपाशी उभं राहून बोलतंय एवढं कळतं. मध्येच ताल सुरू होतो, आता रीतसर जॅझ वाजणार असं वाटतं आणि तेवढ्यात सगळं थांबतं. जणू ठेका धरल्याचं त्यांनाच अपराधी वाटलं. मग पुन्हा तो घुमारा, पुन्हा ती ओळ आणि शेवटी एल्विन जोन्सचे ड्रम खालून उसळून येतात आणि विरतात.

कोल्ट्रेनला आपल्या संगीताची ओढ होती, हे सर्वज्ञात आहे. 'इंडिया' नावाची रचना त्याने १९६१ मध्ये वाजवली होती आणि १९६५ साली झालेल्या मुलाचं नाव त्याने रविशंकरांवरून रवी ठेवलं. तेव्हा तानपुऱ्याची आठवण येणं हा निव्वळ आपला भास नसावा.

तिसरं गाणं मात्र अगदी उलट वाटेने गेलं. रिचर्ड फारिन्या हा लोकगीतं लिहिणारा तरुण कवी-गायक, जोन बाएझ या गायिकेच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याने 'बर्मिंगहॅम संडे' लिहिलं आणि १९६४ मध्ये बाएझने ते आपल्या तबकडीवर गायलं. चाल त्याची नव्हे; ब्रिटनकडच्या एका जुन्या प्रेमभंगाच्या लोकगीताची. आपल्या जुन्या जलशांच्या नि भीमगीतांच्या पुस्तिकांत गाण्याच्या डोक्यावर 'चाल : अमुक' असं छापलेलं असायचं, तोच हा प्रकार. यात उसनवारीची लाज नसते. उलट सोय असते. चाल आधीच कानात बसलेली असली की ऐकणाऱ्याचं सगळं लक्ष शब्दांकडे जातं. शिवाय जुन्या चालीला तिची स्वतःची आठवण असते. सोडून गेलेल्या प्रेयसीचं दुःख ज्या सुरांत शेकडो माणसांनी गायलं, त्याच सुरांत आता एका शाळकरी मुलीचं नाव येतं.

आणि नावंच येतात. एकेका कडव्यात एकेक मुलगी, पूर्ण नाव आणि प्रत्येक नावापाशी आकडा एकाने वाढतो. मारेकरी कोण, मागणी काय, निषेध कोणाचा, हे सगळं कोपऱ्यात. आपल्या पोवाड्याच्या जवळ जाणारं हे एकच गाणं. पोवाडा वार, तिथी, गाव, नाव सांगतो, कारण लिहायला-वाचायला न येणाऱ्यांची ती बखर असते. फारिन्याचं गाणं तसंच नोंदवहीसारखं आहे. ऐकायला सगळ्यांत गोड आणि थोडं एकसुरी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते फारच सौम्य वाटलं होतं. चौथ्या नावापाशी आल्यावर ते मत मी मागे घेतलं.

या बाबतीत आपल्याला अमेरिकेकडे पाहायची गरज नव्हती, हेही इथे म्हणायला हवं. मुंबईत १९७२ साली दलित पँथर उभी राहिली तेव्हा नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर्सवरून घेतलं गेलं. गाणं मात्र इथे आधीपासूनच होतं, आंबेडकरी जलशांत आणि वामनदादा कर्डकांसारख्यांच्या वहीत. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं गेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आपल्या झोपडीत गळफास घेतला. गाणाऱ्याला दुःखाचं गाणं करता आलंच पाहिजे असा कुठे नियम नाही. आनंद पटवर्धन यांनी पुढे चौदा वर्षं खपून 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट केला; त्यात घोगऱ्यांचं जे गाणं राहून गेलं, ते इतर अनेक शाहिरांच्या तोंडून ऐकू येतं.

चौथा माणूस सॅम कुक. त्याचं गाणं बर्मिंगहॅमवर नाही, पण त्याच महिन्यांतलं आहे आणि त्याच हवेतलं. कुक आधी चर्चमधला भजनगायक, मग प्रेमगीतांचा लाडका आवाज. गोऱ्या मुलीही त्याच्या तबकड्या घ्यायच्या. बॉब डिलनचं 'ब्लोइंग इन द विंड' ऐकून त्याला एकाच वेळी आनंद आणि शरम वाटली होती. हे आपण लिहायचं सोडून एका गोऱ्या पोराने लिहावं? जून १९६३ मध्ये त्याचा लहानगा मुलगा घरच्या तरणतलावात बुडून गेला. ऑक्टोबरमध्ये लुइझियानातल्या श्रीव्हपोर्ट शहरात एका हॉटेलने त्याला खोली नाकारली. त्याने आवाज चढवला आणि पोलिसांनी शांतताभंगाचा गुन्हा लावून त्यालाच आत टाकलं. ३० जानेवारी १९६४ रोजी त्याने 'अ चेंज इज गॉना कम' ध्वनिमुद्रित केलं. मागे तंतुवाद्यांचा मोठा ताफा, फ्रेंच हॉर्न, नगाऱ्यासारखी टिंपनी. सगळा थाट एखाद्या राज्याभिषेकाचा आणि मध्ये एकटा माणूस स्वतःबद्दल बोलतोय.

कुकने 'आम्ही' गाळलं. चळवळीच्या गाण्यात 'आम्ही' असतंच. इथे सुरुवातीपासून 'मी' आहे. दमलेला, घाबरलेला, मरणाचीही धास्ती वाटणारा मी. गाण्याच्या नावात बदलाचं आश्वासन आहे, पण ऐकताना खात्री बदलाची होत नाही, गाणाऱ्याच्या थकव्याची होते. फेब्रुवारीत टीव्हीवर ते त्याने एकदा गायलं. दोन दिवसांनी बीटल्स अमेरिकन टीव्हीवर अवतरले आणि बाकीचं सगळं लोक विसरले. ११ डिसेंबर १९६४ रोजी लॉस एंजेलिसमधल्या एका मोटेलात गोळी लागून कुक मेला. पंधरवड्याच्या आत हे गाणं छोट्या तबकडीच्या मागच्या बाजूला, मोठ्या अल्बममधून उचलून, काढण्यात आलं. त्यातून एक कडवं उडवलेलं होतं. सिनेमाला जावं, गावात फिरावं तर हाकलून देतात, असं सांगणारं ते कडवं. गाण्यात ठोस तक्रार म्हणावी अशी जागा तेवढी एकच होती. रेडिओचं माप असं कात्री चालवतं.

१९६३ सालीच आपल्याकडेही राष्ट्रीय दुःखाचं एक मोठं गाणं झालं, हा योगायोग मला सोडवत नाही. २७ जानेवारीला दिल्लीच्या नॅशनल स्टेडियममध्ये लता मंगेशकर यांनी 'ऐ मेरे वतन के लोगो' गायलं. शब्द कवी प्रदीप यांचे, संगीत आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्र यांचं. चीनच्या युद्धातला पराभव दोन-तीन महिन्यांचा ताजा होता. पंतप्रधान नेहरू समोर बसले होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ही गोष्ट प्रत्येक मराठी घराने एकदा तरी ऐकलेली आहे. गाणं अतिशय मोठं आहे, याबद्दल वाद नको. पण ते ज्याच्यासमोर गायचं त्याला रडू येतं, उत्तर द्यावं लागत नाही. जवान गेले हे त्यात आहे. थंडीचे कपडे आणि धड बंदुका नसताना त्यांना एवढ्या उंचीवर कोणी पाठवलं, हे नाही. तो त्या गाण्याचा उद्देशही नव्हता. सैनिकांच्या मदतीसाठीचा तो कार्यक्रम होता. शोकाचं गाणं सरकारला आपल्या मांडवात बोलावता येतं. सिमोनचं गाणं बोलावता आलं नसतं. दोन्ही गाण्यांना लोक 'देशाच्या दुःखाचं गाणं' म्हणतात आणि तिथेच बराच घोळ होतो.

मग सवाल करणाऱ्या गाण्यांनी काही बदललं का? तारखा काय सांगतात ते पाहू. नागरी हक्कांच्या कायद्यावर २ जुलै १९६४ रोजी सही झाली. मतदानाच्या हक्काचा कायदा ६ ऑगस्ट १९६५ चा. यांचं श्रेय तबकड्यांना देणं म्हणजे कुत्र्यांसमोर चालत गेलेल्या पोरांचं श्रेय काढून घेणं. 'मिसिसिपी गॉडॅम'ने कोणा खासदाराचं मत फिरवल्याची नोंद नाही. पण २४ मार्च १९६५ ची रात्र पाहा. मतदानाच्या हक्कासाठी सेल्माहून निघालेला मोर्चा माँटगोमेरी शहराच्या वेशीवर मुक्कामाला होता. हजारो माणसं, पायांना फोड, जमिनीवर चिखल. गायक-नट हॅरी बेलाफॉन्टे यांनी कलावंतांना गोळा करून आणलं होतं. स्टेज नव्हतं, म्हणून शवपेट्यांची रिकामी खोकी मांडून वर फळ्या टाकल्या. त्यावर उभं राहून सिमोन तेच गाणं गायली. कार्नेगी हॉलमध्ये ते आरोपपत्र होतं. इथे ज्यांच्या वतीने आरोप केला तेच ऐकायला होते. दमलेल्या माणसाला उद्याचे मैल चालायला लावणं, एवढं काम गाणं करू शकतं आणि ते त्याने केलं.

त्याच्या नऊ दिवस आधी, १५ मार्चला, अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी संसदेपुढे भाषण करताना चळवळीच्या गाण्याचं ध्रुपदच आपल्या वाक्यात घेतलं होतं. 'वुई शॅल ओव्हरकम'. मूळ चर्चच्या भजनात असलेलं, १९४५-४६ मध्ये चार्ल्सटनच्या तंबाखू कारखान्यातल्या संपावर बसलेल्या कृष्णवर्णीय बायांनी गायलेलं, टेनेसीतल्या हायलँडर प्रशालेत झिल्फिया हॉर्टन यांनी उचललेलं, पीट सीगर यांनी एक शब्द बदललेलं आणि १९६० मध्ये गाय कॅरावान यांनी विद्यार्थ्यांना शिकवलेलं ते गाणं. बर्मिंगहॅमची मुलं चर्चमधून बाहेर पडली ती हेच गात. गिरिजाकुमार माथुर यांनी त्याचं हिंदी केलं आणि 'हम होंगे कामयाब' म्हणून ते आपल्या प्रत्येक शाळेच्या पटांगणावर पोचलं. आम्ही ते प्रार्थनेनंतर रांगेत उभं राहून म्हणायचो, डावा हात पुढच्याच्या खांद्यापासून मोजून घेतलेलं अंतर सांभाळत. हे अटकेत जाणाऱ्या मुलांचं गाणं आहे असं कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर रांग एवढी सरळ राहिली असती की नाही, कोण जाणे.

न्यायाची गती वेगळीच. बॉम्ब कोणी ठेवला याचा संशय तपास यंत्रणेला १९६५ पर्यंत आलेला होता, तरी खटला उभा राहिला नाही. रॉबर्ट चॅम्ब्लिसला शिक्षा झाली १९७७ मध्ये. थॉमस ब्लँटनला २००१ मध्ये आणि बॉबी फ्रँक चेरीला २००२ मध्ये. चौथा संशयित आरोपावाचूनच मेला. मेडगर एव्हर्स यांच्या मारेकऱ्याला शिक्षा झाली ती १९९४ साली. १९९७ मध्ये दिग्दर्शक स्पाइक ली यांनी त्या मुलींवर माहितीपट केला, तेव्हा सुरुवातीला त्यांना लागलं ते फारिन्याचं नावं मोजणारं गाणं. तोवर त्या मुली जगत्या तर चाळिशी ओलांडून पन्नाशीकडे झुकल्या असत्या.

आणि सिमोनचा तो जुना आक्षेप? एका माणसाचं आयुष्य साडेतीन मिनिटांत कसं मावणार, हा? ४ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिसमध्ये मार्टिन लूथर किंग यांची हत्या झाली. तीन दिवसांनी न्यूयॉर्कजवळच्या वेस्टबरीत सिमोनचा कार्यक्रम ठरलेला होता. तिच्या साथीला बास वाजवणारा जीन टेलर याने मधल्या वेळात एक गाणं लिहिलं. सगळ्यांनी ते घाईघाईने बसवलं आणि त्या रात्री गायलं. गाता गाता सिमोन थांबते, बोलू लागते. आपल्यातलं कोण कोण गेलं ते आठवते, वाद्यं मागे हळू वाजत राहतात, ती पुन्हा गाण्यात शिरते, पुन्हा बाहेर येते. गाणं संपतच नाही, बारा मिनिटं उलटून जातात.

त्याच वर्षी अल्बम निघाला, तेव्हा कंपनीने ते निम्म्यावर आणलं होतं.